पाटलांचा तीन हातांचा तांदूळ

गिरणीवाला चोर असतो, हे आमच्या भागात कुणाला सिद्ध करावं लागत नाही. कर्जतपासून खोपोलीपर्यंत कुठल्याही घरात विचारा. मी अठ्ठावीस वर्षं भाताची गिरणी चालवली. तेवढ्या काळात माझ्यावर भाताचा, तांदळाचा, कण्यांचा, कोंड्याचा, एकदा पितळी मापाचा आणि एकदा कोंबडीचा आळ आला. कोंबडी मी खरंच घेतली होती, पण ती दारात येऊन रोज तांदूळ टिपायची, म्हणजे निम्मी माझीच होती. बाकीचे सगळे आळ खोटे.

एक गंगूबाई यायची. भात भरडून झालं की पदर खोचून हलरच्या, म्हणजे भात सडायच्या यंत्राच्या, खाली घुसायची आणि जाळीला बोटं घालून अडकलेले दाणे काढायची. "अडकलंय ते पन माजंच हाय," म्हणायची. दुसरे एक गृहस्थ निघताना मला खिसे उलटे करून दाखवायला लावत. "तुजा संशव नाय रं भाऊ, पन आपली खातरजमा." मी दाखवत असे. पुढे पुढे तर ते आले की मी आपणहून खिसे बाहेर काढून उभा राहायचो. जमलेल्या बायका हसायच्या, गृहस्थ गंभीर. ते गेल्यावर मी मात्र त्यांनी माझी पंचपाळ्यातली हळद तर नेली नाही ना, ते बघून घ्यायचो. संशय हा असा असतो, बसल्या जागी लागतो.

शहरातल्या वाचकांसाठी धंदा थोडा समजावून सांगतो. शेतातून येतं ते भात. त्याच्या अंगावरचं टणक टरफल म्हणजे तूस. तूस काढलं की आत तांबूस दाणा निघतो, आणि त्या दाण्यालाही एक पातळ साल असते. ती घासून काढली की सालीचा होतो बारीक कोंडा आणि उरतो तो आपल्या ताटातला पांढरा तांदूळ. पूर्वी हे सगळं बायका घरी करत, घिरटावर भरडत आणि उखळात सडत. मुसळ मारून हात दुखले की थांबत, म्हणून साल पुरती कधी जातच नसे. मग हलर आला. हलरचे हात दुखत नाहीत.

भात हलरमधून एकदा काढलं की त्याला आम्ही एक हात म्हणायचो. एका हाताला तूस जाई, थोडी साल जाई, तांदूळ लालसर राही. दुसऱ्या हाताला पांढरा होई. तिसरा हात हौसेचा. पहिल्या हाताचं तूस वीटभट्टीवाले नेत, आणि नंतरच्या हातांचा मऊ, तेलकट, गोडसर वासाचा बारीक कोंडा गिरणीवाल्याने ठेवायचा अशी रीत होती. तो मी म्हशीवाल्यांना देई. म्हणजे तांदूळ जितका पांढरा, तितका कोंडा मला जास्त. आणि गिऱ्हाईक वर म्हणे, भाऊ आपल्यासाठी जास्तीचा हात मारतो, मनाचा मोठा आहे! असा धंदा सगळ्यांना मिळो.

पांढरेपणाचा मला गर्वही फार. भिंतीला एक काळी छत्री टांगलेली असे. तिसरा हात झाला की मूठभर तांदूळ छत्रीच्या कापडावर पसरून मी दाखवायचो. कापडावर कोंड्याचा डाग उमटला नाही की समजायचं, भाऊचा हात लागला. या गर्वापायी एकदा हलरचं पातं इतकं आवळलं की एका लग्नघरच्या सगळ्या तांदळाच्या कण्या झाल्या. वऱ्हाडाला भाताऐवजी कण्यांची खीर वाढली. नवरा मुलगा पुढे आजोबा झाला तरी मला रस्त्यात पाहिलं की खिरीची चौकशी करी.

ही थट्टा झाली. आता जे सांगायचं आहे ते जरा जड आहे, म्हणून मी इतका वेळ कोंबडीभोवती फिरत होतो.

मोहोपाड्याकडे कारखाने उभे राहू लागले होते, त्या सुमाराची गोष्ट. आमच्या गावात जोमातात्या पाटील होते, वय सत्तरीच्या पुढे. शाळा पाहिलेली नव्हती, पण आसपासच्या पाच-सात गावांतला प्रत्येक बांध त्यांच्या डोक्यात होता. कुठल्या शेताची हद्द कुठल्या आंब्यापाशी वळते, कुणाच्या आजोबाने कुणाला पाण्याची वाट दिली, सगळं. तंटा झाला की लोक तलाठ्याच्या आधी तात्यांकडे जात. तात्यांची बायको वारलेली. मुलगा नामदेव मोहोपाड्याला कारखान्यात पाळीवर जाई. घर, शेत आणि सासरा हे तिन्ही नामदेवच्या बायकोवर, धुरपावर. तात्यांची मुलगी शिळफाट्याला दिलेली, तिला सगळे आक्का म्हणत.

तात्यांना घरात मान मोठा, आणि मान ताटात दिसायचा. घरातले बाकीचे लोक राता खात. हा आमच्याकडचा लाल, जाडा तांदूळ; धुरपा तो घरीच सडायची. त्याच्याबरोबर नाचणीची भाकरी, वाल, सुकट. तात्यांसाठी मात्र वेगळा, बारीक दाण्याचा कोळंबा तांदूळ, आणि तोही माझ्याकडून तीन हातांचा. धुरपा तो चार पाण्यांत धुवायची, शिजवून पेज काढून टाकायची, आणि मग तो मोगऱ्याच्या कळ्यांसारखा भात तात्यांच्या ताटात पडायचा. पेज जायची गड्यांना. तात्यांच्या दाढा किडलेल्या, हिरड्या सुजलेल्या, त्यामुळे कडक काही चावत नसे. भाकरी सुटली, मासळी सुटली, वालसुद्धा सुटले. राहिला दोन वेळचा मऊ पांढरा भात, त्यावर दूध-साखर, आणि दिवसभर गोड चहा.

एका हिवाळ्यात तात्या गिरणीवर आले आणि विचारू लागले, "माजं भात जालं का रं?"

त्यांचं भात आदल्या दिवशीच घरी गेलं होतं. तसं सांगितलं. मान डोलवून बसले. थोड्या वेळाने पुन्हा, "माजं भात जालं का रं?" गिरणीवर पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मला लहर आली. मी म्हटलं, "तात्या, तुमचं भात उंदरांनी नेलं." तात्या हसले. पुन्हा विचारलं तेव्हा म्हटलं, "तुमचं भात माथेरानला हवा खायला गेलं." सगळे खो खो हसले. तात्याही हसले, पण या वेळी ते आमच्या तोंडांकडे पाहून हसले, कशाला हसायचं ते न कळता. ते तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. तरी तिसऱ्यांदा मी काहीतरी म्हणालोच. काय म्हणालो ते आठवत नाही असं लिहिणार होतो, पण आठवतं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग तात्यांचे पाय सुजले. चालताना पाय ओढत. एकदा स्वतःच्या शेतात उभे राहून हे शेत कुणाचं म्हणून विचारत होते, असं कुणीतरी सांगितलं. गावात म्हातारचळ म्हणाले. आणखी काही लोक आणखी काही म्हणाले, हळू आवाजात.

शिमग्यानंतर धुरपा भात घेऊन आली. टोपली उतरवली आणि म्हणाली, "भाऊ, कोळंबा हाय. एकच हात द्या."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "तात्यांचा ना? एक हात?"

"एकच. आणि तात्यांना नका सांगू."

माझे कान टवकारले. पुढच्या खेपेला ती एक डबा घेऊन आली. "बारीक कोंडा देता का? चाळून द्या, तूस नको त्यात."

"कशाला गं?"

"म्हशीला."

आता गिरणीवाल्याला काय माहीत नसतं? पाटलांची म्हैस माघातच विकली होती, आणि ज्याने ती घेतली तो माझ्याकडूनच कोंडा नेत होता. बाई तोंडावर खोटं बोलत होती. मी कोंडा दिला, आणि डोक्यात चक्र सुरू झालं.

तेव्हा मी कसा विचार केला ते सांगतो, कारण तो मला अजूनही बिनतोड वाटतो, आणि तीच भीतीची गोष्ट आहे. एका घरात माणसं चार. नामदेव ठणठणीत, धुरपा ठणठणीत, त्यांची मुलगी ठणठणीत. पाय सुजले एकट्या तात्यांचे, डोकं गेलं एकट्या तात्यांचं. म्हणजे गडबड पाण्यात नाही, हवेत नाही. आणि घरात वेगळं ताट कुणाचं? एकट्या तात्यांचं. ते वाढतं कोण? धुरपा. ती लपवते काय? कोंडा. सगळ्यांवर संशय घेण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? मी स्वतःला मनातल्या मनात फौजदारी दिली. पट्ट्याशिवाय फौजदाराचं काम चालत नाही, आणि नेमका त्याच आठवड्यात हलरचा पट्टा तुटला. तो आणायला शिळफाट्याला गेलो, आणि आक्काच्या घरी चहाला थांबलो.

मी आरोप केला नाही. आरोप कोण करतं? मी म्हटलं, "आक्का, तुमच्या भावजयीनं म्हैस घेतली का नवी?"

"नाय बा. का रं?"

"नाही, कोंडा नेते म्हणून विचारलं. डबा भरून. तात्यांना सांगू नका म्हणते."

बस, एवढंच. कप खाली ठेवला आणि पट्टा खांद्यावर टाकून निघालो.

तिसऱ्या दिवशी आक्का गावात हजर. चुलीवरच्या फळीवर मिठाच्या बरणीमागे डबा सापडला. भाजलेल्या कोंड्याची तपकिरी पूड. पाटलांच्या ओटीवर पंधरा-वीस माणसं जमली, आणि जाणकार म्हणून मला बोलावणं आलं. मी धुतलेला सदरा घालून गेलो. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

तात्या भिंतीला टेकून बसलेले. आक्का त्यांच्या कानाशी ओरडून विचारत होती, "तात्या, ही तुमाला काय घालते खायाला?"

"माजा भात काला केला हिनं," तात्या म्हणाले. "माती घालते."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आक्काने डबा माझ्यासमोर धरला. मी चिमूट घेतली, वास घेतला, जिभेवर ठेवली, आणि एखाद्या वैद्यासारखा डोळे मिटून उभा राहिलो. "हा माझ्याच गिरणीतला कोंडा. म्हशीला देतात तो."

धुरपा दारात उभी होती. आवाज चढवला नाही. म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. तांदलाच्या सालीत औषध हाय. तात्यांच्या हिरड्या न् पाय दाखवायला मी गेलते. तात्यांना लाल भात चालत नाय, ताट फेकतात, म्हनून दुधात कुस्करलेल्या भाकरीत मिसलून घालते."

खरं सांगतो, क्षणभर ओटी गप्प झाली होती. लोक विचार करू लागले होते. आक्कासुद्धा डब्याकडे वेगळ्या नजरेने बघत होती. आणि अशा गप्प झालेल्या ओटीवर मला काही सुचलं की मी थांबलो आहे, असं आजवर घडलेलं नाही.

मी म्हटलं, "कुठली डॉक्टरीण गं? माणसांची का गुरांची?"

ओटी फुटली हसून. म्हातारे हसले, बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नामदेव पाळीवरून नुकता आलेला, थकलेला, तोही हसला. धुरपाने नवऱ्याकडे पाहिलं. मग तिने पुढे एक शब्द काढला नाही. संध्याकाळच्या आत ती मुलीला घेऊन खालापूरच्या बाजूला, माहेरी गेली. सासऱ्याला काहीबाही खाऊ घालणारी सून, हे तिच्या आधी तिथे पोचलं होतं.

दवाखाना माझ्या गिरणीपासून किती लांब होता? मधे चार शेतं. डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा तिथे बसत. कुणीही जाऊन विचारलं असतं तर दहा मिनिटांचं काम. कुणी गेलं नाही. मीही नाही. विचारलं असतं तर संशय संपला असता, आणि संशय चालू ठेवण्यात जी मजा असते ती गेली असती.

तात्यांची सेवा आता आक्का करू लागली. बापावर तिचा जीव होता. ती माझ्याकडे भात घेऊन आली आणि म्हणाली, "भाऊ, पयल्यासारखं पांढरं करून दे रं. म्हातारा त्या कोंड्यानं झिजला." मी चौथा हात मारला. काहीही न मागता. छत्रीवर पसरून दाखवला. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं, आपण पुण्य केलं.

तीन आठवड्यांत तात्यांना उठवेना. पाय खांबासारखे. आक्काला ते कधी आई म्हणत, कधी बाहेरची बाई समजून तिच्या हातचं खायला नकार देत. एकदा अंगणात पडले. लोक म्हणाले, धुरपानं आधीच जे करायचं ते करून ठेवलंय. मीही तेच म्हणालो.

मग एका सकाळी डॉक्टरीणबाई स्वतः गिरणीवर आल्या. साताऱ्याकडच्या, ठेंगण्या, चष्मेवाल्या, हातात रिकामा डबा. इंजिनाच्या आवाजात ओरडून म्हणाल्या, "गिरणीवाले, पाटलांच्या सूनबाई नेतात तसला बारीक कोंडा द्या. चाळलेला. वाडीवरच्या एका म्हातारीला पाहिजे. आणि सूनबाई का येत नाहीत हल्ली? सासरे कसे आहेत?"

मी इंजिन बंद केलं. गिरणीत इंजिन बंद झालं की एकदम बहिरं झाल्यासारखं वाटतं.

"म्हणजे," मी म्हटलं, "तुम्ही खरंच सांगितलं होतं?"

"मग? गोळ्या-सुया संपल्या होत्या माझ्याकडच्या. मागवल्यात, त्या येईपर्यंत हा उपाय. का हो?"

मला अजून माझा बिनतोड विचार सोडवत नव्हता. मी म्हटलं, "बाई, पण त्याच घरातले बाकीचे सगळे ठणठणीत आहेत. बिघडलं एकट्या म्हाताऱ्यांचं. हे कसं?"

"बाकीचे काय खातात?"

"राता. घरी सडलेला. भाकरी, वाल, सुकट."

"आणि सासरे?"

"कोळंबा."

"कुणी सडलेला?"

मी हलरकडे पाहिलं. "माझा," म्हटलं. "तीन हातांचा."

बाईंनी डबा बगलेत धरला. चष्मा काढून पदराने पुसू लागल्या. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. सालीत एक जीवनसत्त्व असतं, नसांना आणि मेंदूला ते रोज लागतं. तरुण माणूस चार पदार्थ खातो, कुठून तरी मिळतं. म्हातारा माणूस दात दुखतात म्हणून एकेक पदार्थ सोडतो, आणि शेवटी भातावर येतो. तो भातच आपण धुऊन, घासून, पेज काढून रिकामा करतो. वर साखर. त्यात तात्यांच्या हिरड्यांत पू होता, कितीतरी महिन्यांचा. "सुजलेला पाय दिसतो म्हणून आपण घाबरतो," बाई म्हणाल्या. "एका ठिकाणची सूज महिनोन्महिने तशीच राहिली की तिचा त्रास सगळ्या अंगाला होतो. म्हाताऱ्या डोक्यालाही होत असणार, असं मला वाटतं. पण डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून आपण त्याला म्हातारचळ म्हणून मोकळे होतो."

"मग आता डोकं बरं होईल?"

"सगळंच विसरणं तांदळामुळे नसतं. वयाचंही असतं. तुम्हाला खोटं सांगणार नाही. लवकर सापडलं तर पुष्कळ परत येतं, उशीर झाला तर गेलं ते गेलं. मागच्या खेपेला मी त्यांना पाहिलं तेव्हा फरक पडायला लागला होता." आणि चष्मा लावून विचारलं, "बंद कधीपासून आहे?"

मी सांगितलं. कुणामुळे बंद आहे तेही सांगितलं. गुरांची डॉक्टरीण हा विनोदसुद्धा सांगितला. बाईंनी डबा पुढे केला. "भरा," एवढंच म्हणाल्या.

त्याच दिवशी मी नामदेवकडे गेलो, आणि दोघे मिळून धुरपाच्या माहेरी. ती ओटीवर कडवे वाल सोलत होती. नामदेव खाली मान घालून उभा. मी सगळं एका दमात बोलून टाकलं आणि वर म्हटलं, "चूक झाली गं."

धुरपाने वाल सोलणं थांबवलं नाही. "माजी बेअब्रू कुठं केलीत भाऊ?"

"तुमच्या ओटीवर."

"मंग हितं काय बोलता? तितं बोला. तीच मानसं बोलवा. आक्कांना बसवा. आणि तो कोंडा गुरांचा ना? तो तुमी सगल्यांसमोर खायाचा. भाकरी मी करीन."

तेवढं बोलली आणि उठून आत गेली. नवऱ्याकडे तिने पाहिलंही नाही. नामदेवचं आणि तिचं पुढे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि माहीत करून घेण्याचा माझा हक्क मी गमावला होता.

दुसऱ्या दिवशी तीच माणसं, तीच ओटी. सदरा मात्र मी रोजचाच घातला. जे झालं ते सांगितलं: म्हैस नाही हे मला माहीत होतं, दवाखाना चार शेतांवर होता हेही माहीत होतं, विचारलं नाही. मग धुरपाने भाकरी आणली. निम्मा कोंडा, निम्मं पीठ. मी एक घास तोडला. घशाखाली जाताना टाळूला खरखर घासत गेला. म्हशींबद्दल माझा आदर वाढला. कुणीतरी मागून म्हणालं, "भाऊ, शेपूट आली का बघ." सगळे हसले. धुरपा हसली नाही. भाकरी संपेपर्यंत ती समोर उभी राहिली, आणि ती लहान भाकरी करणारी बाई नव्हती.

आक्काने माफी मागितली नाही. पण भाकरी संपल्यावर ती आत गेली, आणि चाळण घेऊन कोंडा चाळायला बसली. नंतर कितीतरी दिवस ती तिथेच राहिली.

डॉक्टरीणबाईंनी सुया दिल्या, किडलेल्या तीन दाढा काढल्या, हिरड्या धुतल्या. चहातली साखर कमी झाली. पेज फेकणं बंद. आणि धुरपाने एक मोठं काम केलं. तिने घरातलं वेगळं ताट मोडलं. एकाच हाताचा तांबूस तांदूळ सगळ्यांना, नामदेवलाही, आक्कालाही. तात्यांनी पहिल्या दिवशी ताट फेकलं. धुरपाने ते उचललं, पुन्हा वाढलं, आणि समोर बसून तोच भात स्वतः खाऊ लागली. तात्या बघत राहिले. नंतर जेवले.

पायांची सूज महिन्याभरात उतरली. भाद्रपदात तात्या काठी घेऊन बांधावर जाऊ लागले. माणसं ओळखत, एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारणं गेलं. गावाने म्हटलं, बरे झाले. पण त्याच वर्षी दिवाळीनंतर दोन भावांचा तंटा आला. पलीकडच्या गावातली हद्द. दोघे तात्यांपुढे बसले. तात्यांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटून बसले. मग म्हणाले, "माज्या ध्यानात नाय रं. तलाठ्याला इचारा." स्वतःच्या शेताचे बांध त्यांना सांगता येत होते. पाच-सात गावांचे मात्र गेले होते, ते परत आले नाहीत. आधीच गेले होते, वयामुळे जाणारच होते, की मी चौथा हात मारला त्या आठवड्यांत गेले, हे कुणाला सांगता येणार? मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "माहीत नाही." मी दुसऱ्यांदा विचारलं. त्यांनी दुसऱ्यांदा तेच सांगितलं.

मी गिऱ्हाइकांना सांगून पाहिलं, म्हाताऱ्यांसाठी एकच हात घ्या. लोक डोळे बारीक करून म्हणत, "काय भाऊ, तेल वाचवतोस काय?" जन्मभर तीन हात विकणारा माणूस एक हात चांगला म्हणतो, म्हणजे यात नक्की काहीतरी लबाडी. मीही त्यांच्या जागी असतो तर तसंच म्हटलं असतं. शेवटी गिरणी बंद होईपर्यंत मी पांढरा तांदूळच काढला. किती म्हाताऱ्यांच्या ताटात गेला ते माहीत नाही. काळ्या छत्रीवर मात्र पुन्हा कधी पसरला नाही.

तात्या त्यानंतर सहा वर्षं जगले. त्यांच्या मागे एकदा धुरपा भात घेऊन आली होती. गिरणीवर आम्ही दोघंच. इतकी वर्षं माझ्या मनात एक आशा लपून बसली होती, ती त्या दिवशी बाहेर आली. तांदूळ माझा, पण पू तर दाढांत होता. दाढा काढल्यावरच तात्या सुधारले असं का नसेल? तसं असेल तर माझा हलर सुटतो.

मी म्हटलं, "धुरपा, मला वाटतं, तात्यांचं सगळं दातांमुळंच झालं असेल गं. तांदळाचा एवढा संबंध नसेल."

ती टोपलीत तांदूळ भरत होती. थांबली, थोडा विचार केला.

"असंल भाऊ," म्हणाली. "पन मला घराबाहेर दातांनी नाय काढलं."

आणि चुंबळ डोक्यावर ठेवून, टोपलीला हात लावायला तिने मला खुणेने बोलावलं. मी टोपली उचलून तिच्या डोक्यावर ठेवली.